खिडकीतला शनी

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या माणसालाच मोतीबिंदू व्हावा, यावरून नात्यात बरीच थट्टा झाली. ह्यांना ती आवडली नाही. ह्यांना थट्टा सोसतच नाही, त्यातून त्यांच्या क्रिस्टलच्या वस्तूंची असेल तर मुळीच नाही.

माणसाला चंद्रावर जायची घाई झाली होती, त्या काळातल्या क्रिस्टलच्या, म्हणजे चकचकीत काचेच्या, शोभेच्या वस्तू आमचे हे वेड लागल्यासारखे जमवतात. अग्निबाणाच्या आकाराची सुरई, अंगभर काटे फुटलेला उपग्रह, उडत्या तबकडीसारखा वाडगा. सगळ्यांत लाडका म्हणजे भरीव क्रिस्टलचा शनी, कड्यासकट, नारळाएवढा. पैसे मोजून साडेसाती घरात आणणारे हे एकटेच, असं मी म्हणत असे. सगळा संसार मागच्या भिंतीजवळच्या बंद कपाटात. पुसणारे हेच, हात लावणारेही हेच. माझे बाबा आमच्याकडे कायमचे राहायला आले तेव्हा ह्यांनी त्यांना आधी ते कपाट दाखवलं, मग त्यांची खोली. "काठी जरा सांभाळून हं, बाबा." तेव्हापासून बाबा त्या भिंतीकडे फिरकलेच नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशी माझ्या डोक्यात खूळ शिरलं. घरी आल्यावर ह्यांना आपले लाडके उन्हात चमकताना दिसावेत! बाबांची सुती चादर घडी करून मी बैठकीच्या खिडकीत अंथरली आणि सगळं त्यावर मांडलं. शनी मधोमध.

"जावईबापूंना विचारलंस का?" शेजारच्या आरामखुर्चीतून बाबांनी विचारलं.

"विचारायचं काय त्यात? खूश होतील."

दुपारी एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या ह्यांना घेऊन टॅक्सीत बसले. मला राहवेना. सांगून टाकलं.

"शनीसुद्धा?" ह्यांचा आवाज बदलला. "उन्हात?"

"मग काय अंधारात?"

"अगं, तो भरीव गोळा म्हणजे भिंग आहे! दुपारचं ऊन थेट त्या खिडकीत येतं. खाली काय घातलंयस?"

"चादर," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे मला आठवलं. शेजारी बाबा. जेवण झालं की तिथेच डुलकी काढणारे, काठीशिवाय उठता न येणारे बाबा.

मी फोन लावला. त्यांचा फोन कायम सदऱ्याच्या खिशात असतो. वाजत राहिला. पुन्हा लावला. बाबांचे कान तिखट आहेत, पहिल्या घंटीला उचलतात. शेजारणीला लावला तर ती माहेरी गेलेली. हे ड्रायव्हरला "जरा लवकर, जरा लवकर" म्हणत होते आणि पुढे सिग्नल लाल होता. मी जिवाच्या आकांताने तेच बटण दाबत राहिले. माझ्या हौसेपायी माझा बाप जळतोय, एवढंच डोक्यात घुमत होतं. ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

जिन्यातच जळका वास आला. कुलूप उघडून मी आत धावले.

बाबा खुर्चीत बसलेले होते. जागे. खिडकीतली चादर अर्धी काळी पडलेली, पाण्याचा तांब्या तिच्यावर उपडा केलेला. फरशीवर शनीचे तुकडे. त्यातले हाताला लागतील तेवढे बाबांनी वेचून मांडीवरच्या रुमालात ठेवले होते. उजवा तळहात भाजून लाल झाला होता आणि बाबा तो सदऱ्याखाली लपवू पाहत होते.

"बाबा! फोन का नाही उचललात?"

बाबा माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघत होते. "धूर आला म्हणून चादर ओढली हो. तो घरंगळला. मुद्दाम नाही केलं." मग हळूच म्हणाले, "फोन ऐकू येत होता. पण उचलून काय सांगणार होतो?"

मला रडूच फुटलं. आमच्या घरात भाजलेला माणूस आधी काचेची माफी मागत होता.

ह्यांनी फुटलेल्या शनीकडे पाहिलंसुद्धा नाही. अनवाणीच पुढे झाले, खुर्चीपाशी खाली बसले आणि तो भाजलेला हात आपल्या हातात घेतला. "बाबा, माझी एवढी भीती वाटते तुम्हाला?"

बाबा ह्यांच्या पायांकडे बघत म्हणाले, "जावईबापू, आधी चपला घाला. काचा आहेत."