तीस वेली, तीस गाठी

थोरलीच्या घेवड्याला नावं ठेवणारा माणूस त्या गल्लीत जन्माला आला नव्हता, आणि आला असता तर थोरलीनं त्याला तिथं टिकू दिलं नसतं. पांढरं फूल, पांढरा दाणा, वीतभर शेंग. सासूच्या सासूपासून चालत आलेलं बी. परसात तीस काठ्या, तीस वेली. कोपऱ्यावरचा बियाणेवाला दरवर्षी तिच्याकडून दोन वाडगे बी नेई आणि पुड्यांवर ‘थोरलीचा पांढरा’ एवढंच लिही. थोरलीचं लिहिणं-वाचणं सहीपुरतं, पण ते दोन शब्द तिला शंभर पुड्यांत सापडत.

बी राखायची तिची एक रीत होती. वेली फुलल्या की सकाळी उन्हं यायच्या आत लाल दोऱ्याचं रीळ घेऊन ओळीतून फिरायचं. ज्या वेलीचं फूल न् फूल पांढरं, तिच्या काठीला दोऱ्याची गाठ. गाठीच्या वेलींच्या शेंगा वाळेपर्यंत ठेवायच्या, बियाला. ज्या वेलीला एक जरी फूल रंगाचं दिसलं ती मुळासकट उपटायची, त्याच सकाळी. दयामाया नाही.

गेली दोन वर्षं मात्र थोरलीला सगळीच फुलं सारखी दिसत होती. पांढरीही नाहीत, मळकी, पुसायच्या फडक्यासारखी. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकलाय, काढून टाकू. “दुसऱ्याचं काढायला बसलाय, आधी स्वतःची नजर बघा, बाईमाणसाशी बोलताना कागदात बघता,” असं सांगून ती उठून आली. घरात डोळ्यांचा विषय निघायचा नाही असं ठरलं. म्हणजे तिनं ठरवलं.

यंदा ती म्हणाली, कंबर धरलीय. खुर्ची टाकून ओळीच्या तोंडाशी बसली आणि रीळ सुनेच्या हातात दिलं. सून घरात येऊन सहा महिने झालेले. हडकुळी, कमी बोलणारी, आणि थोरलीच्या मते कमी बोलणारी माणसं मनात हिशेब ठेवणारी असतात.

“बघ नीट. नुसते डोळे फिरवत जाऊ नकोस.”

“हो, आई.”

दोरा तोडल्याचा आवाज येत राहिला. थोरली कानांनी मोजत होती. नऊ, दहा, अकरा. मग आवाज थांबला.

“काय झालं? रीळ संपलं की जीव?”

“आई, या वेलीला जांभळी फुलं आहेत.” सून पुढं गेली, पुन्हा थांबली. “हिलाही. आणि पलीकडच्या दोन.”

थोरली उठली. कंबर धरलेल्या बाईच्या मानानं फारच झटकन उठली. सुनेनं तोडून दिलेलं फूल तिनं नाकाला लागेल इतकं जवळ धरलं. फडकंच दिसलं. पण चार वेलींची फुलं जांभळी म्हणणारी पोर खोटं बोलून काय मिळवणार होती? आणि मग थोरलीला मोरीजवळची वेल आठवली.

सुनेनं ती आल्या आल्या लावली होती. तिची आई दोन वर्षांमागं गेली. मागं राहिलं काय, तर रुमालात बांधलेले अकरा दाणे, जांभळ्या फुलाच्या घेवड्याचे. दाणे जुने, उगवतील न उगवतील, म्हणून तिनं सगळेच पेरले. एकच उगवला. नळाच्या पाण्यावर, तारेला धरून तो वर चढला होता आणि आठच दिवसांपूर्वी फुलला होता.

“तुझ्या वेलीनं केलं हे,” थोरली म्हणाली.

“माझी आत्ता फुलली, आई.” सून हळू बोलली, पण बोलली. “तिच्यानं यंदाचं फूल नाही बदलत. या चार वेली बियातूनच अशा आल्यात. माझी आई सांगायची...”

“म्हणजे माझं बी बाटलेलं.”

“तसं नाही म्हटलं.”

“मग कसं म्हटलंस? तीन पिढ्यांत नाही निघालं ते तू उंबरा ओलांडल्यावर निघालं. माहेराहून दुसरं काही आणता आलं नाही, ही घाण तेवढी आणलीस. जा, काढून टाक.”

“या चारही?”

“या चार तर काढच. आधी ती.”

सून उभीच राहिली. मुलगा तोंडात ब्रश घेऊन दारात आला होता. फेस थुंकून तो म्हणाला, “काढून टाक ना, वेलच तर आहे. सकाळी सकाळी कशाला.”

“आई, दाणे नाहीत माझ्याकडे दुसरे. शेंगा आत्ता नखाएवढ्याच आहेत. बी धरेपर्यंत ठेवू द्या. मी कापडानं झाकून ठेवते, भुंगा बसणार नाही.”

“सगळे दाणे पेरायचे नसतात, मूठभर मागं ठेवायचे असतात, एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही?” थोरलीनं खुर्ची मोरीकडे ओढत नेली आणि बसली. “माझ्यासमोर काढ. तुझ्या हातानं. मुळासकट.”

सुनेनं काढली. तारेभोवतीचे वेढे एकेक करून सोडवले, जसे काही ती वेल नंतर कुठं लावायचीच आहे. थोरलीला त्या सोडवण्याचाच राग आला. “तोड की. रेशमाची आहे का?” सुनेनं तोडली. रडली नाही. तेही थोरलीला आवडलं नाही.

चार दिवसांनी बियाणेवाला आला. थोरलीच्या नवऱ्याचा दोस्त, त्यामुळं तिला वहिनी म्हणणारा आणि तिला न घाबरणारा गल्लीतला एकटा. थोरलीनं त्याला खिडकीखालच्या बाकावर बसवून सगळं सांगितलं. उपटलेल्या वेलींतली एक तिनं पुरावा म्हणून ठेवली होती. त्यानं सुकलेलं फूल बोटांत चोळलं.

“जांभळं खरं. पण वहिनी, यंदाचं फूल जांभळं म्हणजे घोळ गेल्या वर्षीचा.”

“म्हणजे?”

“गेल्या वर्षी कुठंतरी जांभळी वेल होती. तिच्यावरनं भुंगा तुमच्या पांढऱ्यावर बसला. शेंग धरली, दाणा पांढराच दिसला, कारण दाण्याचं साल आईचं असतं. आत मात्र दोघांचं. ते आतलं यंदा उगवून फुललं. सुनेची वेल बिचारी नंतरची. गेल्या वर्षी कुणी लावला होता का जांभळा?”

थोरलीच्या डोळ्यांसमोर, ज्यांना आतून अजून नीट दिसत होतं, पत्र्याच्या शेडवर चढलेली वेल उभी राहिली. गेल्या वर्षी लेक बाळंतपणाला आली होती. कुणाच्या तरी बागेतून रोप आणून तिनं ते शेडजवळ लावलं. बाळाला बघायला फुलं हवीत म्हणे. “बघ आई, कसला जांभळा आलाय,” असं म्हणाली होती. आणि थोरलीनं, जिनं आयुष्यात दुसऱ्याच्या वेलीला कौतुकाचा शब्द दिला नाही, ‘छान’ म्हटलं होतं. शेड घराच्या पलीकडच्या अंगाला, तिथून काय येतंय इकडं, असं म्हणून स्वतः लोट्यानं पाणी घातलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “कुणीच नाही.”

“मग शेजारपाजारचा असेल. त्याआधीच्या वर्षीचं बी आहे का शिल्लक?”

“ते तर तुम्हीच नेलंत सगळं.”

“मग बघा बुवा. या चार वेली आठ-दहा दिवस फुललेल्या होत्या, भुंगे त्यांच्यावरनं सगळीकडे फिरलेत. पुढच्या वर्षी जांभळी निघणार. किती ते सांगता येत नाही, पण निघाली नाहीत तर मी दुकान बंद करीन. डोळ्यात तेल घालून निवडलंत तर तीन-चार वर्षांत बी पुन्हा शुद्ध होईल. नाही निवडलंत तर झालंच.”

थोरलीनं आवाज खाली आणला. “भावजी, ही गेल्या वर्षीची गोष्ट घरात बोलू नका.”

बियाणेवाल्यानं वर पाहिलं. “खिडकी उघडी आहे, वहिनी.”

आत भांडं घासल्याचा आवाज येत होता, तो मघाशीच थांबला होता. तो पुन्हा सुरू झाला.

त्या दिवशी थोरली जेवायला बसली. बोलायचं काय ते तिच्या ओठापर्यंत आलं होतं. दोनच शब्द होते. सुनेनं वाढताना तिच्याकडं पाहिलं, वाट बघत असल्यासारखं. थोरली म्हणाली, “मीठ जास्त झालंय.”

“हो, आई,” सून म्हणाली. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. नवऱ्याजवळ नाही, शेजारणीजवळ नाही. थोरली महिनाभर कान देऊन होती. वर्षभरात सून आणखी कमी बोलू लागली आणि घरातलं सगळं वेळच्या वेळी होऊ लागलं. गल्लीत बायका म्हणाल्या, बाई, कसं वळण लावलंत. थोरलीनं ते ऐकून घेतलं.

वर्ष सरलं. वेली फुलल्या. थोरलीला आता काठ्याही अंदाजानं ओळखाव्या लागत होत्या. ओळीच्या तोंडाशी खुर्ची, सुनेच्या हातात रीळ.

“बघ नीट,” थोरली म्हणाली. यंदा त्यात दम नव्हता. विनवल्यासारखं वाटू नये म्हणून तिनं खाकरून घेतलं.

“हो, आई.”

दोरा तुटू लागला. एक, दोन, तीन. थोरली कानांनी मोजत होती. अकराला तिनं श्वास धरला. बारा. तेरा. सुनेची पावलं एकाच चालीनं पुढं जात होती, कुठं वाकणं नाही, पान बाजूला करणं नाही. वीस. बियाणेवाला दुकान बंद करीन म्हणाला होता. सव्वीस, सत्तावीस. एकोणतीस. तीस.

“झालं?”

“झालं. सगळी पांढरीच आहेत, आई. एकही जांभळं नाही.”

“एकही नाही?”

“बघा ना तुम्ही.” सुनेनं एक फूल खुडून तिच्या तळहातावर ठेवलं. थोरलीनं ते जवळ घेतलं, आणखी जवळ घेतलं. फडकं.

दुसऱ्या कुणाला बोलवायचं, तर आधी म्हणावं लागलं असतं की मला दिसत नाही. मग म्हणावं लागलं असतं की सुनेवर माझा भरवसा नाही. मग कुणीतरी विचारलं असतं, का? तिनं फूल मुठीत चुरगाळलं.

“वाळू देत,” ती म्हणाली.

शेंगा वाळल्या, सुनेनं एकटीनं सोलल्या, दाणे निवडून वाडग्यात भरले. दाणे पांढरेशुभ्र, एकाहून एक. बियाणेवाला वाडगे घ्यायला आला, त्यानं मूठभर दाणे उन्हात धरून बघितले, साल आईचं असतं हे त्याला ठाऊकच होतं.

“यंदा किती उपटल्या?”

सून चहा घेऊन दारात उभी होती. तिचे डोळे थोरलीवर होते, एवढं थोरलीला न बघताही कळलं.

“एकही नाही. एकही निघाली नाही.”

“नवल आहे.” त्यानं मूठ हळूच वाडग्यात सोडली. “दोरे कुणी बांधले?”

पुढच्या वर्षी गल्लीगल्लीत, लोकांच्या कुंपणावर तिच्या नावाची जांभळी फुलं लागणार होती. थोरलीनं मान ताठ केली.

“कुणी म्हणजे? मीच.”

सुनेनं बियाणेवाल्याला चहा दिला, आणि मग सासूच्या हातात कप दिला, तिची बोटं कपाच्या कानाला नीट लागेपर्यंत धरून.