चिमणाबाईंना समुद्राचा तळ दाखवणारा डबा

मी एक जुना डबा आहे. तुम्ही म्हणाल, डब्याला कसलं आलंय चरित्र! पण मित्रांनो, जरा मला उलटा करून बघा. माझा तळ पत्र्याचा नाही, काचेचा आहे. आता नाक मुरडू नका आणि ऐका.

जन्मानं मी गोडेतेलाचा चौकोनी डबा. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका दुकानात तेल संपलं आणि मी रिकामा झालो. रिकाम्या डब्याच्या नशिबी काय असतं? कुणी पाणी तापवतं, कुणी तुळस लावतं. मीही तेवढीच आशा धरून बसलो होतो. पण एकाहत्तर सालच्या थंडीत कोडोलीच्या केरबानानांनी मला उचललं आणि माझा जन्म सार्थकी लागला.

केरबानाना शेतकरी. दीड एकर ऊस, दोन बैल. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव वेगळ्याच कामासाठी होतं. कुणाची घागर विहिरीत पडली, कुणाची कळशी बुडाली, की नानांना बोलावणं यायचं. ते कमरेला दोर बांधून बुडी मारायचे आणि वस्तू घेऊनच वर यायचे. पाण्यानं घेतलेलं माघारी आणायची मजुरी घ्यायची नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. घ्यायचा फक्त एक नारळ. तोही तिथंच फोडून निम्मा विहिरीला वाहायचा.

वर दोर धरून बसायच्या त्यांच्या कारभारीण, चिमणाबाई. दोन हिसके म्हणजे वस्तू सापडली, तीन हिसके म्हणजे वर ओढा. लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षं त्या माउलीनं तो दोर धरला. हिरव्या पाण्यात नवरा गडप व्हायचा आणि हिसका येईपर्यंत त्यांचा जीव टांगणीला लागायचा.

त्या वर्षी चिमणाबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कडेकडेनं अंधार सरकत होता, मधलं तेवढं दिसत होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि खरं तेच सांगितलं, "पुढची दिवाळी या डोळ्यांना दिसेल, असं सांगवत नाही."

चिमणाबाई रडल्या नाहीत. घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "आवं, सत्तावीस वर्सं दोर धरला. तुमी खाली जाऊन काय करतासा, खाली काय असतंय, एकदा बी बघितलं न्हाय. डोळं जायच्या आत तेवढं दावा. मग गेलं तरी माझं काय म्हणणं न्हाय."

आता विहिरीचं पाणी ते, हातभर खाली काही दिसत नाही. नाना पेचात पडले. वाट दाखवली शाळेतल्या नंदिनीबाईंनी. बाई कोल्हापूरच्या, कोडोलीत मास्तरीण म्हणून आलेल्या. त्यांचा भाऊ आरमारात पाणबुड्या होता. पाठीला हवेचं नळकांडं बांधून तो कुठल्याशा बेटापाशी समुद्राच्या तळाला उतरायचा आणि बहिणीला पानंच्या पानं लिहायचा. तळाशी दगडांना फुलं यावीत तशी पोवळी, रंगीत मासे. त्याच पत्रात लिहिलं होतं, की बुडी न मारताही तळ दिसतो. डब्याच्या बुडाला काच बसवायची आणि डबा पाण्यावर दाबून वरून डोकवायचं.

"केरबामामा, एवढ्या लांब जायला नको," बाई म्हणाल्या, "मालवणच्या किल्ल्यामागं पोवळी आहेत म्हणे. एका दिवसाची सहल. होडीत बसायचं, बघायचं, परत यायचं."

झालं! नानांनी मला काखोटीला मारलं आणि पापाच्या तिकटीजवळ पत्र्याचं काम करणाऱ्या हंबीररावांपुढं ठेवलं. हंबीररावांनी माझं बूड कापलं. दुखलं का विचाराल, तर हो, चांगलंच दुखलं. मग एका फुटक्या तसबिरीची जाड काच बेतून बसवली, कडेनं डांबर भरलं, दोन्ही बाजूंना धरायला कड्या लावल्या. परीक्षा घ्यायला मला रंकाळ्यावर नेलं. नव्या काचेतून मी पहिल्यांदा जग बघितलं. काय दिसलं असेल? शेवाळ आणि त्यात रुतलेलं एक पायताण! तरी नाना खूश. पाणी आत आलं नव्हतं.

आता दिवस ठरवायचा होता. इथंच घोळ झाला, मित्रांनो. गुऱ्हाळाचा हंगाम, हाताला उसंत नाही. शेतकऱ्याला हक्काची सुट्टी एकच, अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं बैल जुंपत नाहीत. नाना म्हणाले, "आमुशाला बैल बी मोकळं, आमी बी मोकळं. ठरलं!" नंदिनीबाईही घाटावरच्याच. त्यांनीही मान डोलावली. समुद्राचं पंचांग वेगळं असतं, हे तिघांपैकी कुणाच्या गावीही नव्हतं.

एसटीनं घाट उतरून आम्ही, म्हणजे नाना, चिमणाबाई आणि मी, आदल्या सांजेला मालवण गाठलं. सकाळी बंदरावर गेलो तर तीन-चार होडीवाल्यांनी आम्हांला गराडाच घातला. एक म्हणतो, माझी होडी मोठी. दुसरा म्हणतो, मी स्वस्तात नेतो. तिसऱ्यानं तर माझी कडीच धरली आणि मला होडीत ठेवायला निघाला. "चला पावणे, आत्ता तळ दाखवतो!"

एकच माणूस जाळं विणत बाजूला बसला होता. बाबल तांडेल त्याचं नाव. नानांनी आपणहून विचारलं, "का हो पावणं, तुमी न्हाय का येत?"

"आज नाय," बाबल मान वर न करता म्हणाला. "आज आवस. उधाणाचा पाणी. सगळो तळ ढवळून निघालो आसा. काय दिसाचा नाय. अष्टमीक येवा. तेव्हा भांगाचा पाणी, शांत आणि निवळ."

नानांचं डोकं सटकलं. "अष्टमीला? आरं, आमी काय रोज येणार हाय व्हय? बैलं सोडून, घाट उतरून आलोय!" आणि ते तरातरा मोठ्या होडीकडं निघाले.

चिमणाबाई जागच्या हलल्या नाहीत. "आवं, थांबा की जरा. पडक्या विहिरीत उतरायच्या आधी तुमी कंदील सोडून बघतासा. कंदील विझला, आत वाईट हवा हाय असं कळलं, की लोकं किती बी गळ्यात पडू देत, तुमी काय म्हणतासा?"

नाना माघारी वळले. मग पुटपुटले, "आज न्हाय म्हणतो."

"मग? ह्यो बी तेच म्हणतोय. सगळी चला चला म्हणत्यात. ज्यानं न्हाय म्हटलं, त्यालाच पाणी कळतंय. बसायचं तर त्याच्याच होडीत."

काहीही न बघता आम्ही माघारी फिरलो. एसटीत चिमणाबाईंनी मला मांडीवर घेतलं होतं. आपली निवड बरोबर होती, हे त्यांना माहीत होतं. पण पुन्हा येणं होईल का, हे माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर दुसरं संकट. नेमकी अष्टमीला गुऱ्हाळावर नानांची पाळी! ऊस तोडून पडलेला. पाळी चुकली की ऊस वाळणार, वर्षाची मेहनत मातीत. नानांनी बायकोपुढं खाली मान घातली. चिमणाबाई म्हणाल्या, "ऊस बघा. माझं ऱ्हाऊ दे." आणि त्यांनी मला कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

ही गोष्ट गावात फुटली कशी, कोण जाणे. माझा संशय नंदिनीबाईंवर आहे. सप्तमीच्या सकाळी शेजारचा ज्ञानू बैलगाडी घेऊन दारात. मागं बयाबाई, झुंबरबाई, अजून दहा-बारा माणसं. प्रत्येकाच्या हातात रिकामी घागर.

"नाना," ज्ञानू म्हणाला, "ही घागर वळखली का? माझ्या आईची. तुमी काढलीसा तवा काय घेतलासा? नारळ! आता आमी बी नारळावरच येणार. उद्या तुमचा ऊस आमी नेतो, आमीच गूळ काढतो. तुमी काकीला घिऊन जावा. आन् जाणार नसलासा तर ह्या घागरी परत हिरीत टाकतो, बसा काढत!"

नाना हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. चिमणाबाईंनी तिथल्या तिथं सगळ्यांना हात जोडले. मित्रांनो, मी पत्र्याचा, पण माझ्याही काचेला वाफ धरली.

अष्टमीला बाबल तांडेल आमची वाटच बघत होता. किल्ल्याला वळसा घालून त्यानं होडी मागच्या बाजूला नेली आणि नांगर सोडला. पाणी असं निवळ, की होडीची सावली तळाला पडलेली दिसावी. चिमणाबाईंनी मला दोन्ही कड्यांनी धरलं, पाण्यावर दाबलं आणि आत डोकावल्या. तसं त्यांना मधलं तेवढंच दिसत होतं. मीही मधलं तेवढंच दाखवतो. आमची जोडी अगदी जुळली.

"अगं बया!" त्या ओरडल्याच. "ह्ये तर हळदीचं गड्डं! किती हो हे! आन् ह्यो मासा बघा, इरकलीच्या काठावानी! आवं, मला वाटायचं खाली तुमी एकटंच असतासा. हितं तर गाव नांदतंय की!"

नानांना राहवेना. त्यांनी बाबलकडं बघितलं. बाबलनं पाण्याचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "जावा. पण पोवळ्यांक हात लावू नका. ती जिती आसत." नानांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बायकोच्या हातात दिलं आणि बुडी मारली.

आणि चिमणाबाईंना माझ्या काचेतून त्यांचा नवरा दिसला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. डोक्याचं मुंडासं काढलेला, केस पाण्यात हलणारे, गाल फुगवलेले, वर बघून हात हलवणारा. दोराला दोन हिसके आले. वस्तू सापडली! चिमणाबाई हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतलं पाणी टपटप माझ्या काचेवर पडत होतं. बाहेर खारं पाणी, आत खारं पाणी. असा मान कुठल्या डब्याला मिळाला असेल? बाबलनंही त्या दिवशी नारळच घेतला आणि निम्मा समुद्राला वाहिला.

पुढं बरीच वर्षं मी विहिरीवर राबलो. दुपारचं ऊन थेट आत पडलं, की मी वरच्या थरात अडकलेली कळशी दाखवायचो आणि नानांची एखादी बुडी वाचायची. मग गावात नळ आले. घागरी विहिरीत पडेनात. नाना थकले, आणि एक दिवस गेले. मला माळ्यावर टाकलं. एका कोंबडीनं माझ्यात अंडी घातली. मी तक्रार केली नाही, पण मनाला लागलंच. एकदा घरातली माणसं मला भंगारात द्यायला निघाली, तेव्हा चिमणाबाई कडाडल्या, "त्याला हात लावायचा न्हाय!"

तेव्हापासून मी त्यांच्या उशाशी आहे. त्यांची नजर केव्हाच गेली. दर अष्टमीला त्या पदरानं माझी काच पुसतात. नंदिनीबाई शाळेतली मुलं घेऊन येतात, मुलं मला धरून ओढ्यातले मासे बघतात, आणि चिमणाबाई पोवळ्यांची गोष्ट सांगतात.

मित्रांनो, माझं मागणं थोडं आहे. कुठं बघायला निघालात, तर लगेच चला म्हणणाऱ्याच्या मागं धावू नका. आज नको म्हणणाऱ्यापाशी थोडं थांबा. आणि जुन्या डब्याच्या पोटात काय काय साठलंय, हे विचारल्याशिवाय त्याला भंगारात टाकू नका.

परवाच एका चिमुरडीनं चिमणाबाईंना विचारलं, "आज्जी, तुला तर दिसत न्हाय. मग काच कशाला पुसतीस?"

चिमणाबाईंनी माझ्या काचेवर तळवा ठेवला आणि म्हणाल्या, "पुसू दे की गं. ते खाली हाईत न्हवं. वर बघत असतील."