बेशुद्ध माणूस कसा न्यायचा

बायको गेल्याचं कळलं तेव्हा जोतीराम बारामतीत पेंडीच्या दुकानासमोर उभा राहून पिकअपमध्ये पोती भरून घेत होता. दुपारचे सव्वाबारा झाले असतील. धाकट्या भावाचा, म्हस्कूचा फोन आला. तो धापा टाकत होता.

"दादा, वैनीला दवाखान्यात आणलंय. गोठ्यात एकाएकी पडली. अठरा मिन्टांत आणली बघ. कळसवरनं हितं, अठरा मिन्टांत."

"बरी हाय का?"

म्हस्कूच्या हातून त्याच्या बायकोनं, मनिषानं फोन घेतला आणि ती नुसतीच रडायला लागली. जोतीरामला कळलं. हमालानं विचारलं, "आजून दोन पोती राह्यली, टाकू का?" जोतीराम म्हणाला, "टाक."

पुढं दहा-बारा दिवस दारात माणसं येत राहिली. येईल त्याला म्हस्कू सगळं पहिल्यापासून सांगायचा. "गाडीची वाट बघत बसलो न्हाय मी. मोटरसायकल काढली, वैनीला मधी बसवली, मागं मनिषा. ओढणीनं माझ्या पाठीला आवळून बांधली. डोकं माझ्या खांद्यावर. पुलापतुर घोरत हुती, झोपल्यागत. पुलाच्या पुढं शांत झाली."

ऐकणारा मान हलवायचा. "तू तुझ्याकडनं काय कमी केलं न्हाईस, म्हस्कू."

या एका वाक्यावर म्हस्कू उभा होता. जोतीरामची बायको म्हाळसा लग्न होऊन आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि घरात आई नव्हती. पुढं म्हाळसाला मूल झालं नाही. तिनं म्हस्कूलाच न्हाऊमाखू घातलं, शाळेत पिटाळलं, त्याचं लग्नही तिनंच पुढं होऊन लावलं. भाऊ आपल्यापेक्षा जास्त रडला, हे जोतीराम बघत होता आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं.

सहा महिन्यांनी कळस गावच्या दूध संस्थेनं ॲम्ब्युलन्स घेतली. चालवणारा मिळाला, पण मागं पेशंटजवळ बसणारा शिकलेला पाहिजे होता. चेअरमन हिंदुराव घरी आले. जोतीराम चाळिशीला टेकलेला, बारावी पास, डोक्यानं शांत. तो 'बघू' म्हणाला, पण म्हस्कूच पुढं झाला.

"दादा, तू जाच. वैनीच्या येळंला आसं कुणी पायजे हुतं."

बारामतीला तीन महिन्यांचा वर्ग होता. रोज सकाळची एसटी, संध्याकाळी परत. वर्गात बावीस जण, बहुतेक विशीतले. शिकवायला राजेश्वरी मॅडम होत्या, चौदा वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढलेल्या, मोठ्या आवाजाच्या. सरावाला रबराचा एक माणूस होता. सुप्याचा विशाल त्याला 'पाव्हणं' म्हणायचा. "पाव्हणं, उठा, चहा झाला," असं म्हणत तो छातीवर दाब द्यायला लागायचा आणि मॅडम ओरडायच्या, "विशाल, पाहुण्याची बरगडी मोडलीस!"

पहिले तीन आठवडे बरे गेले. जखम बांधणं, मोडलेल्या हाताला फळी लावणं जोतीरामला चटकन जमलं. मेंढरांचे मोडलेले पाय बांधायची घरात पिढ्यांची सवय होती.

चौथ्या आठवड्यात श्वासाचा धडा आला. मॅडमनी आधी काहीच सांगितलं नाही. खुर्चीत बसल्या, मान पुढं टाकली, डोळे मिटले आणि घशातून आवाज काढला. घर्र, घर्र.

"काय करतोय हा माणूस?"

"झोपलाय," विशाल म्हणाला. "आमचं आजोबा आसंच झोपत्यात." सगळे हसले.

"तो गुदमरतोय," मॅडम म्हणाल्या. "बेशुद्ध माणसाची जीभ सैल पडून मागं जाते. बसवलेला असेल, मान खाली असेल, तर वाट बंद होत जाते. असं घोरणं म्हणजे थोडी वाट उरलीये. तेवढ्यात आडवा करा, मान मागं करा, हनुवटी उचला. आवाज आपोआप थांबला तर बरं वाटलं म्हणू नका. श्वास चालू आहे का ते बघा."

जोतीरामनं वहीत 'जीभ' एवढंच लिहिलं. पुढचं त्याला ऐकू आलं, पण हात चालला नाही. पुलापर्यंत घोरत होती, पुलाच्या पुढं शांत झाली. हे त्यानं पन्नास वेळा ऐकलं होतं. पन्नासही वेळा त्याला ते ऐकून बरं वाटलं होतं.

सुट्टीत त्यानं मॅडमना गाठलं. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. मॅडमनी त्याच्याकडं जरा वेळ पाहिलं.

"डोक्यात रक्तस्राव असेल, हार्ट असेल. आडवी नेली असती तरी कदाचित गेली असती. सांगता येत नाही."

"पर वाचलीबी आसती?"

"सांगता येत नाही," मॅडम पुन्हा म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरी जेवताना त्याला भीती वाटायला लागली. म्हस्कू रोज विचारायचा, आज काय शिकवलं? हौसेनं विचारायचा. जोतीराम जखमांचं सांगायचा, सलाईनचं सांगायचा. एकदा पाहुणे आले होते. म्हस्कूनं पुन्हा सगळं सांगितलं आणि 'पुलापतुर घोरत हुती' म्हणताच जोतीराम ताटावरून उठला. मनिषानं थोरल्या दिराला विचारलं, "आबा, भाकरी कच्ची हाय का?" तो म्हणाला, "न्हाय, पोट भरलं."

शेवटच्या परीक्षेला नियम असा होता, की ज्यानं-त्यानं आपल्या गावात लोकांसमोर एक प्रात्यक्षिक करायचं. मॅडम येऊन मार्क देणार. विषय चिठ्ठ्यांवर. जोतीरामच्या चिठ्ठीवर होतं: बेशुद्ध माणूस उचलणे व नेणे. विशालला सर्पदंश आला.

"मॅडम, मी आन विशाल बदलून घिऊ का?"

"का?"

जोतीरामनं चिठ्ठीची घडी घातली.

"मग हीच चिठ्ठी," मॅडम म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी सकाळी दूध घातलं की लोकांनी डेअरीसमोरच थांबायचं, असं हिंदुरावांनी सांगून ठेवलं होतं. साठ-सत्तर माणसं झाली. म्हस्कू सगळ्यात पुढं, जागा मिळावी म्हणून दूध न घालताच कॅन पायाशी ठेवून, छाती काढून उभा. शेजाऱ्याला म्हणाला, "आता ऐक. आमचा दादा डाक्टर झालाय."

जोतीरामनं सतरंजी अंथरली. आदल्या दिवशी एसटीत त्यानं मनाशी ठरवलं होतं. कुशीवर वळवायचं दाखवायचं, स्ट्रेचर दाखवायचं, मोटरसायकलचं नाव काढायचं नाही, घोरण्याचं तर नाहीच. त्यानं तसंच केलं. एका पोराला झोपवून कुशीवर वळवलं, मान मागं केली, हनुवटी उचलली. तोंडात पाणी घालायचं नाही, कांदा हुंगवत बसायचं नाही, हे सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो सतरंजी गुंडाळायला वाकला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. वहीत त्यांचं पेन तसंच थांबलेलं होतं. "गावात आजारी माणूस कशावर नेतात?"

"मोटरसायकलवर, मधी बसवून," म्हस्कूच बोलला. "आमी नेलीया."

"मग जोतीराम, त्याबद्दल सांगायचं राहिलं. आणि माणूस घोरत असला तर काय, तेही राहिलं."

जोतीराम उभा राहिला. आत्ता 'ते शिकलो नाही' म्हटलं तर मार्क जातील, कदाचित ॲम्ब्युलन्सही जाईल, पण घर राहील. समोर बाया उभ्या होत्या. कुणाच्या घरात म्हातारं होतं, कुणाच्या घरात साखरेचा आजार होता. यातलं कुणीतरी उद्या-परवा पडणार आणि मधी बसवूनच नेणार. कारण म्हस्कूनं अठरा मिनिटांची गोष्ट गावभर सांगितली होती.

"मोटरसायकलवर बसवून न्यायचं न्हाय," तो म्हणाला. "बसवलं की मान खाली पडती. जीभ मागं जाती. पिकअप घ्या, ट्रॉली घ्या, पर आडवं, कुशीवर न्या."

"आन घोरत आसंल तर?" महिपती तात्यांनी विचारलं. "घोरतंय म्हंजी झोप लागली की गड्या."

"न्हाय तात्या. घोरतंय म्हंजी त्याला वारा मिळंना. तितंच थांबायचं, आडवं करायचं, मान मागं करायची."

जोतीरामनं म्हस्कूकडं पाहिलं नाही, पण कॅनची कडी वाजल्याचा आवाज त्यानं ऐकला. मान वर केली तोवर म्हस्कू रस्त्याला लागला होता. दूध घालायचं राहिलं होतं, तसाच भरला कॅन घेऊन.

मॅडमनी पेन उघडं-बंद केलं. त्या हळूच म्हणाल्या, "तुमची गोष्ट होती ती. मला कळायला पाहिजे होतं." जोतीराम म्हणाला, "तुमी बरूबर इच्यारलं."

तो पास झाला. महिनाभरात ॲम्ब्युलन्स सुरू झाली. पहिला पेशंट वरकुट्याचा, फिट आलेला माणूस. त्याला त्यानं इंदापूरला कुशीवर झोपवून नेलं आणि तो वाचला. गावानं कौतुक केलं. म्हस्कू त्या गर्दीत आला नाही.

घरात बोलणं चालू आहे. मीठ दे, लाईट आली का, बिबट्या दिसला म्हणे. पण अठरा मिनिटांचं म्हस्कू आता कुणालाच सांगत नाही. कुणी म्हाळसाचं नाव काढलं तर उठून जातो.

परवा दोघं उसाला पाणी देत होते. म्हस्कू दारं मोडत होता, एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत वळवत होता. वर न बघता त्यानं विचारलं.

"दादा, पुलावर थांबून वैनीला आडवी केली आसती, तर जगली आसती का?"

'सांगता येत नाही' हे जोतीरामला माहीत होतं. खरं तेवढंच होतं. पण 'नाही' म्हटलं तर भाऊ सुटला असता, आणि 'हो' म्हटलं तर त्याला निदान ठाम काहीतरी रडायला मिळालं असतं. 'सांगता येत नाही' म्हटल्यावर माणूस आयुष्यभर त्या पुलावरच उभा राहणार.

"मोटार बंद करून येतो," जोतीराम म्हणाला आणि विहिरीकडं गेला. बराच वेळ तिथंच थांबला. परत आला तेव्हा म्हस्कू दुसऱ्या सरीत होता.

त्याला चार दिवस झाले. म्हस्कूनं पुन्हा विचारलेलं नाही. जोतीरामनं त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.