न आलेला हिसका

मित्रांनो, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं म्हणून तुम्ही माझ्या जातीला हिणवता. खुशाल हिणवा. तो पीळ आहे म्हणून मी दोर आहे, नाहीतर नुसता काथ्या राहिलो असतो. आता मी जुना झालोय. एका अंगणात दोन खांबांमध्ये मला ताणून बांधलंय आणि माझ्यावर धुणं वाळतं. पण एके काळी माझ्या एका टोकाला जिता माणूस असे आणि दुसऱ्या टोकाला त्याचा मेव्हणा.

तमिळ मुलखात, तुतुकुडीच्या खाली, किनाऱ्यावरच्या एका गावात माझा जन्म झाला. नारळाची सोडणं चिखलात कुजवली, बायकांनी ती बडवली आणि एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढत मला वळलं. मला घेऊन गेला इन्नासी. तो शंख काढणारा पाणबुड्या. जड दगडाच्या आधारानं तो तळाला जाई, आणि मी त्याच्या अंगाला, बरगड्यांच्या जरा खाली बांधलेला असे. वर होडीत माझं टोक धरून बसे रायप्पन, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. आमच्याकडे दोर मेव्हण्याच्याच हाती देतात. सख्ख्या भावाच्या मनात एखादे वेळी वाटणीचा विचार येईल, मेव्हण्याच्या येणार नाही. दोर सुटला तर त्याचीच बहीण विधवा व्हायची.

दोघं एकमेकांना मच्चान म्हणत. मेव्हणा, पण दोस्तीतला.

"मच्चान, दोर धरलायस ना? की लागली डुलकी?"

"तू वर आलास की माझ्या विड्या संपवणार, या काळजीनं डुलकी कुठली लागतेय!"

मी पोटावर बांधलेला, म्हणून एक गोष्ट होडीतल्या सगळ्यांच्या आधी मला कळे. दम धरून माणूस खाली राहिला की काही वेळानं त्याचं पोट आतून उसळतं. तोंड मिटलेलं असतं, मनाचा हुकूम असतो की श्वास घ्यायचा नाही, तरी पोट तो घ्यायला बघतं. एक धक्का, मग दुसरा, आणि पुढचा त्याहून जोराचा. जुनी माणसं म्हणत, मानेच्या वर, कवटीच्या तळाशी एक राखणदार बसलाय. तुम्ही झोपलात तरी तो जागा असतो. तो दार ठोठावू लागला की शंख असो नसो, दोराला हिसका द्यायचा. इन्नासी हिसका देई, मी तो रायप्पनच्या तळहातात पोचवी, आणि रायप्पन ओढून घेई. किती हंगाम हेच चाललं. होडीचा तांडेल मला कुरवाळून म्हणे, "हा दोर कधी खोटी बातमी देत नाही." मला त्याचा फार गर्व होता.

मग एका हंगामात परगावचा एक पाणबुड्या नवी युक्ती घेऊन आला. बुडीच्या आधी लोहाराच्या भात्यासारखा श्वास भसाभसा आत-बाहेर करायचा. डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, आणि खाली गेल्यावर धक्के येता येत नाहीत. इन्नासीनं ती युक्ती लगेच उचलली. तो आता इतरांपेक्षा कितीतरी वेळ तळाशी राहू लागला. गावभर झालं, इन्नासीचा दम वाढला. मलाही तसंच वाटलं. धक्के नाहीत म्हणजे त्रास नाही, अशी माझी साधी समजूत होती.

रायप्पनला मात्र ते बघवेना. एकदा त्यानं घाबरून हिसक्याची वाट न पाहताच मला ओढलं. इन्नासी वर आला तो आग ओकतच.

"वलंपुरी होती रे! उजव्या वळणाचा शंख! बोटं टेकली होती माझी!"

तसा शंख जन्मात एखाद्यालाच मिळतो. होडीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "बायकोचा भाऊ शेवटी बायकोसारखाच. जरा डोळ्याआड झालं की हाकाटी!"

इन्नासी हसला नाही. "पुन्हा माझ्या हिसक्याशिवाय ओढलंस, तर दोर दुसऱ्याच्या हातात देईन."

मित्रांनो, आमच्या किनाऱ्यावर याहून मोठी शिवी नाही. रायप्पननं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी इन्नासी त्याच जागी उतरला. आधी भाता मारला, नेहमीपेक्षा जास्तच. खाली वाळू चाचपत राहिला. मी वाट पाहत होतो. धक्का आला नाही. मग त्याचा हात थांबला. तरी पोट शांतच, झोपलेल्या तान्ह्या पोराच्या पोटासारखं. मी म्हटलं, आज गडी सुखात आहे.

वर तांडेल अस्वस्थ झाला. "फार झालं. ओढ रे."

"हिसका आला नाही अजून."

"ओढ म्हणतो ना!"

"शिव्या घालील तो, तांडेल. दोर काढून घेईल माझ्याकडून."

तेवढ्यात खालची ओढ गेली, माझं वरचं टोक रायप्पनच्या हातात ढिलं पडलं आणि खाली इन्नासीची शुद्ध हरपलीय हे त्याला कळलं. त्यानं मला असं ओढलं की त्याच्या तळहातांची सालं माझ्या पिळात राहिली.

इन्नासी निळा पडला होता. पाणी काढायला त्याला पालथा घातला, तर थेंबभरही बाहेर आलं नाही. पाण्याचा स्पर्श होताच घशानं आपलं दार घट्ट मिटून घेतलं होतं. तांडेलनं तोंडाला तोंड लावून फुंकर घातली, घालतच राहिला. आणि मित्रांनो, मी अजून त्याच्या पोटावरच होतो, मला तो धक्का जाणवला. इन्नासीनं श्वास घेतला.

तो जगला, पण पूर्ण परत आला नाही. जीभ जड झाली, हात कापू लागला. त्याची बायको लूर्दम्माळ भावाला एवढंच म्हणाली, "दोर तुझ्या हातात होता." त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. मलाही अंगणात धुणं वाळत घालायला बांधून टाकलं. रायप्पन रोज येई आणि कुंपणाबाहेर उभा राहून परत जाई.

लूर्दम्माळ नवऱ्याला माझ्यावरच्या धुण्याच्या सावलीत बसवून चमच्यानं पेज भरवी. जेवताना ठसका लागला की आमच्याकडेही डोक्यावर थापटी मारून म्हणतात, कुणीतरी आठवण काढली. इन्नासीला तो लागतच नसे.

"बाकी कसंही असो," ती शेजारणीला कौतुकानं सांगे, "घास कसा सरळ उतरतो बघ. ठसका म्हणून नाही."

"लागेल कसा? समुद्रावर आता कोण आठवण काढतंय त्याची!" शेजारीण म्हणे, आणि दोघी हसत.

पण जेवण झालं की त्याचा आवाज ओला होई, बोलताना घशात बुडबुडे वाजत. संध्याकाळी अंग तापे. कुंपणाबाहेरून रायप्पनला ते बुडबुडे ऐकू आले. तो बहिणीला न विचारताच डॉक्टरबाईंना घेऊन आला.

त्यांनी इन्नासीला चमचाभर पाणी पाजलं, घशावर बोट ठेवलं, छातीला कान लावला. "याला ठसका कधीपासून लागत नाही?"

"समुद्रातून आणल्यापासून एकदासुद्धा नाही, डॉक्टरम्मा," लूर्दम्माळ अभिमानानं म्हणाली.

बाईंनी चमचा खाली ठेवला. "अगं, थेंबभर पाणी चुकीच्या वाटेला गेलं की घसा वर मेंदूला कळवतो आणि मेंदू खोकून ते बाहेर फेकतो. याची बातमी वर जातच नाही. अन्न गपचूप छातीत उतरतंय." मग रायप्पननं त्यांना भात्याची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "भाता मारून दम वाढत नाही रे. शिळी हवा तेवढी धुऊन निघते. आतला राखणदार मुख्यतः शिळ्या हवेवरच ठोठावतो. ती नाही म्हणून तो गप्प, आणि तोवर ताजी संपते. माणसाला शुद्धच राहिली नाही, तर हिसका देणार कोण?"

दाट पेज, हनुवटी छातीकडे, एकेक घास गिळू द्यायचा. बाईंनी शिकवलं तसं लूर्दम्माळनं सगळं केलं. पण छाती आधीच भरली होती. ईस्टरच्या आधीच्या उपासांत इन्नासी गेला.

मातीहून आल्यावर रायप्पन सवयीनं कुंपणाबाहेरच थांबला. लूर्दम्माळ दारात आली. "आत ये."

"दोर माझ्या हातात होता, अक्का."

"हो. आणि चमचा माझ्या हातात होता. तू एका बुडीपुरता गप्प राहिलास. मी रोज राहिले, वर कौतुकही केलं. ये आत. पेज निवतेय."

मित्रांनो, जो खोकतो, कण्हतो, दार ठोठावतो, त्याच्याकडे तुम्ही धावताच. पण आपलं माणूस एकाएकी शांत झालं, तर ते सुखात आहे असं धरून चालू नका. त्याच्या हिसक्याची वाट पाहू नका, ओढा. ते रागावेल, चारचौघांत तुमची शोभा करील, करू द्या. रायप्पन आता म्हातारा झालाय. दुपारी माझ्याखाली येऊन बसतो आणि माझ्याशीच बोलतो. म्हणतो, त्या दिवशी मच्चान वर आला असता आणि त्यानं मला आईवरून शिव्या घातल्या असत्या, तर किती बरं झालं असतं.