येऊ का, भाऊ?

"मोहनरावांच्या रानातून जाताना तुम्ही त्यांना विचारत होता का?"

समोरच्या बाजूच्या सुंदरराव वकिलांनी हे इतक्या गोड आवाजात विचारलं, की पिंजऱ्यात उभ्या असलेल्या सत्यभामाबाईंना तो कोर्टातला प्रश्न वाटलाच नाही. कुणी ख्यालीखुशाली विचारावी तसं वाटलं.

"इच्चारायचे की. रोज. 'येऊ का, भाऊ?' म्हणायचे, मंगच पाऊल टाकायचे."

सत्यभामाबाईंची वकील यशोधरा हिने डोळे मिटून घेतले.

"आणि ते काय म्हणायचे?"

"'ये गं' म्हणायचे. तोंडात तंबाखू आसली तर नुसता हात हलवायचे."

मागच्या बाकांवर हसू पसरलं. मोहनरावांचा मुलगा अंगद तेवढा खाली मान घालून बसला होता.

"मोहनराव वारल्यावर?"

"तवाबी इच्चारायचे. त्येंची बाज हाय ना लिंबाखाली, तिला." मग हळूच म्हणाल्या, "सोमवार हाय माजा, सायेब. खोटं कावून बोलू?"

सुंदरराव समाधानानं खाली बसले.

सत्यभामाबाईंचं घर धर्मापुरीच्या शिवारात, आपल्याच रानात. लग्न होऊन आल्या तेव्हापासून पहाटे अंघोळ करून महादेवाला तांब्याभर पाणी घालायचं, मगच चूल पेटवायची, हा त्यांचा नेम. वाट मोहनरावांच्या बांधावरून थेट देवळाकडे उतरायची. मोहनराव गेले, अंगदनं मोसंबी लावली आणि बांधाला तार ओढली. तेव्हापासून सडकेनं वळसा. उसाचे ट्रॅक्टर अंगावर येतात, गुडघे बोलतात, आणि देवळात पोचेपर्यंत तांब्यातलं निम्मं पाणी लुगड्यावर सांडलेलं असतं. म्हणून हा दावा.

कोर्टाबाहेर टपरीवर यशोधरानं त्यांच्या हातात चहा दिला. उपासाला तेवढाच चालत होता.

"काय चुकलं का गं माजं?"

"चुकलं न्हाई, काकू. पण वाट हक्काची व्हायला वीस वर्षं कुणाला न इच्चारता चालावं लागतं. इच्चारलं की ती मेहेरबानी होते. अन् मेहेरबानी कवाबी काढून घेता येते."

सत्यभामाबाईंनी कप खाली ठेवला. "म्हंजी वीस वर्षं उद्धटासारखी गेले आसते, तर वाट माजी झाली आसती?"

यशोधराला हसू आवरलं नाही. "तसंच की."

"आता गं बाई! आसला कायदा कुणी केला?"

"येकानं कुणी न्हाई केला. आधी लिवलेलं काईच नव्हतं, काकू. लोक चालले, चालून चालून वाट पडली. कुणी अडवलं, तर गावची जाणती माणसं पारावर बसून सांगायची, हितून पहिल्यापासनं चालतेत, जाऊ द्या. त्यालाच वहिवाट म्हणायचे. पहिला कायदा तो."

"मंग तेच लई बरं होतं की. कोरट कशाला पायजे?"

"तुमाला बरं होतं." यशोधराचा आवाज मऊच होता. "माजी आजी त्याच बांधापशी येऊन माघारी वळायची. तिच्या जातीला 'येऊ का' म्हणायचीबी सोय नव्हती. म्हणली आसती, तर 'ये' कोण म्हणणार होतं? तीबी वहिवाटच, काकू. म्हणून तर कायदा लिवावा लागला."

यशोधराची आजी चतुराबाई सत्यभामाबाईंना आठवत होती. गवताचा भारा डोक्यावर घेऊन ती सडकेकडून लांबून जायची. ती लांबून का जाते, हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. रोजच दिसायचं, म्हणून.

"निकाल लागेस्तोवर त्या वाटेला जाऊ नका. अन् इच्चारू तर नकाच," यशोधरानं बजावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सत्यभामाबाई तांब्या घेऊन निघाल्या, तर अंगद बांधावर उभा. त्यांना बघून त्यानं खालची तार दोन्ही हातांनी वर उचलून धरली.

"ये आत्या. बाजेला इच्चारायचीस, हे मला ठावं नव्हतं." "कोरट काय करायचं ते करू दे. तुला कोण अडीवतंय?"

त्याच्या कपाळावर मोहनरावांसारखीच आठी होती. सत्यभामाबाईंचं काळीज हललं. देऊळ समोर होतं. कळसावर नुकतं उजाडत होतं.

"मला येकलीलाच?"

"दुसरं कोण जातंय हितून?"

"यशोधरा आली तर?"

"ती कशाला येईल महादेवाला?"

"महादेवाला न्हाई यायची. पण आली, आपलं काम हाय म्हणून, न इच्चारता, तर?"

अंगदनं तारेवरची पकड बदलली.

"आसू दे, बाळा," त्या मायेनं म्हणाल्या. "सोड ती तार. हाताला लागंल."

लिंबाखालच्या बाजेकडे त्यांनी एकदा पाहिलं. ओठ हलले, पण विचारलं काही नाही. पदरानं तांब्या झाकून घेतला आणि त्या सडकेकडे वळल्या.

वळणावर दम घ्यायला थांबल्या, तेव्हा मागे पाहिलं. अंगद अजून तार वर धरूनच उभा होता. तारेखालच्या वाटेवर घोटाभर गवत वाढलं होतं.