चिमीची जागा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. पण जन्मापासून फळा नव्हतो. आधी मी पिठाच्या गिरणीचे दार होतो. गिरणी बंद पडली तेव्हा एका सुताराने मला रंधा मारला, काळा रंग दिला आणि शाळेच्या भिंतीवर ठोकले. अक्षरे माझ्या वाट्याला अशी उशिरा आली, म्हणून मी ती जपत आलो.

एके वर्षी बाईंनी मुलांना अनुप्रास शिकवला. एकाच अक्षराचे शब्द शेजारी बसवले की ओळीला ताल येतो, एवढेच सांगून त्यांनी 'द' दिला.

"दूध, दही, दुकान. झाली कविता," मागच्या बाकावरचा ढब्बू म्हणाला.

"ही वाण्याची यादी झाली रे. आता एकेकाने येऊन एकेकच शब्द जोडा."

"दुपारी दमून दारामागे दडलेलं" इथवर ओळ आली आणि चिमी उठली. खडू हातात धरून ती तशीच उभी राहिली. मग तिने माझ्यावर कपाळ टेकले. ते तापाने भाजत होते.

"सुचेल तेव्हा लिही गं. तुझी जागा ठेवते," बाई म्हणाल्या. आई येऊन चिमीला कडेवर घेऊन गेली. दप्तर दारामागच्या खुंटीवर तसेच राहिले. पुढच्या मुलांनी वीतभर जागा सोडून "दादाला दिसलं" असे लिहिले.

बाई मला रोज पुसत, पण ती ओळ सोडून. दही, दांडकं, दावं असे शब्द सगळ्यांना सुचत होते. लिहीत मात्र कुणी नव्हते.

"ती आली की भांडेल," ढब्बू म्हणायचा.

चिमी आली नाही. त्या तापातच ती गेली.

नंतर एकदा तिची आई दप्तर न्यायला आली. ती घरोघरच्या कपड्यांना इस्त्री करायची. खुंटीवरचे दप्तर तिने छातीशी धरले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत माझ्यावरची ओळ वाचली.

"हे मधेच का सोडलंय?"

"चिमीची जागा आहे ती, काकू," ढब्बू म्हणाला.

बाईंनी खडू पुढे केला.

"मला कुठं लिहिता येतंय, बाई? तिनंच शिकवलीत थोडी अक्षरं, इस्त्री तापेपर्यंत."

तरी तिने खडू घेतला. खूप दाबून 'द' काढला आणि ती अडली. ढब्बू हळूच म्हणाला, "आता अर्धा प, काकू." तिने लिहिले, दप्तर.

मुलांनी ओळ एका सुरात वाचली. ती ऐकून आई म्हणाली, "आता पुसलं तरी चालेल."

त्या दिवशी मला कुणीच पुसले नाही.

आज भिंतीवर नवा गुळगुळीत फळा आहे आणि मी दारामागे उभा आहे. माझ्यावर धूळ बसली आहे, रंगही उडाला आहे. पण हात फिरवलात तर त्या दाबून लिहिलेल्या शब्दाची खाच अजून बोटाला लागते.

मित्रांनो, फळा पुसण्याआधी तो एकदा वाचत जा. आणि कुणी जागा सोडून गेले असेल, तर ती घाईने भरू नका.