शेवटच्या फेरीचं तिकीट

आमचे हे आयुष्यात एकही गोष्ट वेळेवर विकत घेत नाहीत. छत्री घेतील पावसाळा संपल्यावर, स्वेटर भर उन्हाळ्यात. लग्नातला त्यांचा कोटसुद्धा दुसऱ्या कुठल्या तरी नवरदेवासाठी शिवलेला. त्याचं लग्न मोडलं, कोट दुकानात पडून राहिला, तो ह्यांनी उचलला. फोटोत दोन्ही मनगटं वीतभर बाहेर आलेली दिसतात. कुणी हसलं की ह्यांचं एकच उत्तर, "स्वस्तात पडलं."

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. मंडईत आमचा भाजीचा गाळा आहे. संध्याकाळी बाजार उठायला लागला की पालकाची जुडी येईल त्या भावाला द्यावी लागते, कारण दुसऱ्या दिवशी तिला कुत्रंसुद्धा विचारत नाही. तीस वर्षं हेच बघून बघून जगातली प्रत्येक वस्तू ही पालकाची जुडी आहे, असं ह्यांचं ठाम मत झालंय.

अशा माणसाने एक दिवस जेवताना मला विचारलं, "मोठ्या जहाजातनं फिरून यायचं का? समुद्रातनं?"

माझा घास हातातच राहिला. अहो, गाळा एक दिवस बंद ठेवायचा तर ज्यांचा जीव जातो, ते म्हणे समुद्रात फिरणार! पण मी लगेच ओळखलं ह्यांच्या मनात काय आहे ते. कारण त्या मोठ्या जहाजांपैकी एकावर आमची पोरगी आहे.

पोरीला आम्ही मिरची म्हणतो. तीन वर्षांची असताना गाळ्यावर एका गिऱ्हाइकाने तिचा गालगुच्चा घेतला, तर ती त्याला चावली. तेव्हा ह्यांनीच कौतुकाने ते नाव ठेवलं. खाण तशी माती. राग बापाचा, हट्टही बापाचाच. मी आपली मधल्या मध्ये लोणचं होऊन राहिलेय.

चार वर्षांपूर्वी ती स्वयंपाकाचं शिक्षण संपवून आली आणि जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी मिळाली म्हणाली. ह्यांच्या मनात तिने गाळा सांभाळावा असं होतं. म्हणाले, "भाजीच चिरायची तर इथे काय कमी आहे?" ती म्हणाली, "इथे जन्मभर तेच चार रस्ते बघत चिरावी लागेल." झालं! ठिणगी पडायचा अवकाश. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हे म्हणाले, "गेलीस तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस."

तिने ते अक्षरशः पाळलं. सुट्टी मिळाली की माझ्या बहिणीकडे उतरायची, मी तिकडे जाऊन भेटून यायचे. फोनवर चेहरा दिसतो ना हल्ली? तर फोन लावला की तिचा पहिला प्रश्न, "बाबा घरात आहेत?" मी हो म्हटलं की कॅमेरा बंद. नुसता आवाज. आणि इकडे हे स्वयंपाकघरात नळ बंद करून, भांडं हातात धरून, कान देऊन उभे. चार वर्षं मी हा तमाशा बघत होते. दोघांच्याही एकेक लगावून द्यावीशी वाटायची.

तर आता हे स्वस्त जहाजाच्या मागे लागले. गाळ्यासमोरच सहलींची तिकिटं काढून देणाऱ्या एका पोरीचं छोटंसं दुकान आहे. ह्यांनी रोज तिला ताजी भाजी नेऊन द्यायची आणि तासभर तिचं डोकं खायचं. ती बिचारी सांगायची, "काका, शाळांच्या सुट्ट्यांत जाऊ नका, तेव्हा भाव चढलेले असतात. खिडकी नसलेली खोली सगळ्यात स्वस्त. आणि जहाज सुटायला दोन-तीन आठवडे राहिले, खोल्या रिकाम्या असल्या, की कंपनी मिळेल त्या भावाला देऊन टाकते."

"पालकाची जुडी!" हे इतक्या जोरात ओरडले की शेजारचा कांदेवाला बघायला आला.

"पण जाहिरातीतला आकडा बघून भुलू नका," ती म्हणाली. "बंदराचा कर, नोकरांची बक्षिशी, सगळं धरा आणि मगच भाव लावा. आणि अशी शेवटी शेवटी घेतलेली तिकिटं रद्द केली तर पैसे परत मिळत नाहीत."

नऊ महिने हे चाललं. ती भाव सांगायची, हे म्हणायचे, "अजून उतरेल." एकदा भाव उतरला, ह्यांनी दोन दिवस वाट बघितली, खोली दुसऱ्यानेच नेली. त्या दिवशी मी भर मंडईत सुनावलं, "अहो, लेकीला भेटायचंय असं एकदा तोंडाने म्हणा! मी उद्या पूर्ण भावाने तिकीट काढते."

"लेकीचा काय संबंध?" हे वजनकाट्याकडे बघत म्हणाले. "स्वस्त मिळालं तर जाऊ, नाही तर राहिलं."

सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही! पण तिकीटवालीने मला हळूच बाजूला घेतलं. "काकू, दुसऱ्या एका जहाजावर निम्म्या भावात खोली होती. काका बघायलासुद्धा तयार नाहीत. त्यांना तेवढं एकच जहाज पाहिजे." मला तिथेच रडू आलं. मी कांदेवाल्याकडे बोट दाखवून वेळ मारून नेली.

शेवटी एका सकाळी हे जवळजवळ पळत घरी आले. तिकीट काढलं होतं. त्याच जहाजाचं, सहा दिवसांचं, इतकं स्वस्त की तिकीटवालीही चकित झाली म्हणे. एकच अट, पोरीला कळवायचं नाही. "मी तिच्यासाठी आलो असं तिला वाटायला नको. जहाजावर गाठ पडली तर पडली." मी मनात म्हटलं, पडली तर पडली काय, चार हजार माणसांच्या जहाजात तुम्ही तिला शोधत स्वयंपाकघराच्या दारात बसाल, मला माहीत नाही होय! पण वर वर नुसतं बरं म्हटलं.

सुटायला बारा दिवस उरले होते आणि मिरचीचा फोन आला. हे गाळ्यावर होते, म्हणून चेहरा दिसत होता. मोठी खुशीत होती. "आई, मला दुसऱ्या जहाजावर पाठवतायत. बढती आहे. हे जहाज आता दुरुस्तीला जाणार. शेवटची एक फेरी राहिलीय, तिला गिऱ्हाईक कमी, म्हणून आम्हाला निम्म्या लोकांना आधीच उतरवतायत."

"कधीची गं ती फेरी?" मी विचारलं.

तिने तारीख सांगितली. आमची तारीख! ज्या सकाळी ती उतरणार, त्याच दुपारी आम्ही चढणार. मग कसली अट आणि कसलं काय, मी सगळं बोलून टाकलं. मग तिने बारीक आवाजात विचारलं, "बाबा पण येणार होते?"

"अगं, बाबांनीच काढलंय तिकीट. नऊ महिने धडपडतायत."

तिने कॅमेरा बंद केला. बाबा घरात नसताना पहिल्यांदाच.

मी तशीच गाळ्यावर गेले आणि ह्यांच्यासमोर उभी राहिले. "टोमॅटो स्वस्त मिळाले तर तुम्ही प्रत्येक टोमॅटो दाबून बघता. स्वस्त का देतोस म्हणून व्यापाऱ्याला दहादा विचारता. ही खोली स्वस्त का, हे विचारलंत कुणाला?" आणि काय झालं ते सांगितलं. तेल गेलं, तूप गेलं, असं मी म्हणणार होते, पण ह्यांचं तोंड बघून थांबले.

हे रिकाम्या क्रेटवर बसले. म्हणाले, "नाही विचारलं. जहाजाचं नाव दिसलं आणि मी हो म्हणून बसलो." मग, "सकाळी किती वाजता उतरते ती?"

बंदर आमच्यापासून सात तासांवर. आदल्या दिवशीच पोचलो. पहाटे पाचला मला जाग आली तर हे बूट घालून खोलीत उभे. प्रत्येक खरेदीला बाजार उठताना जाणारा माणूस, पण त्या दिवशी बाजार भरायच्याही आधी नोकरांच्या फाटकाशी हजर! समोर ते जहाज उभं होतं, एखादी आख्खी वसाहत पाण्यात आणून ठेवावी तसं. ह्यांनी त्याच्याकडे एकदा मान वर करून बघितलं, आणि मग फाटकावरची नजर काढली नाही.

नऊच्या सुमाराला एकेक जण बाहेर पडायला लागला. मिरची आली ती मोठी बॅग ओढत, डोक्यावर टोपी, मान खाली. आम्ही दिसताच पाच-सहा पावलांवर थांबली. मान तशीच खाली. माझ्या मनात आलं, देवा, आता दोघांतल्या एकाला तरी अक्कल दे.

हे पुढे झाले. टोपीची कड धरून हळूच वर केली. "तोंड दाखव की गं," म्हणाले. "चुकलो मी. चार वर्षं झाली. दाखव तोंड."

पोरीने तोंड वर केलं आणि ह्यांच्या शर्टात खुपसून इतकी रडली की फाटकावरचा पहारेकरी लांब जाऊन उभा राहिला. मीही रडले. कुणी तरी रडणं आवरायला हवं होतं, पण तिघांतलं कुणीच त्या कामाचं नव्हतं.

मग आम्ही बंदरासमोरच्या बाकावर बसलो. तिची बस साडेचारला, विमानतळावर नेणारी. आम्हाला तीनच्या आत जहाजावर चढायचं होतं. ह्यांनी चहा, पाव, उकडलेली अंडी आणली, आणि चहावाल्याने सांगितला तो भाव मुकाट्याने दिला. मी डोळ्यांनी बघितलं म्हणून सांगते. मग दोघांचं जे सुरू झालं! रोज किती पोती कांदा लागतो, पालक किती दिवस टिकवता, कोबीची वरची पानं फेकता की काय करता. पोरगी दोन्ही हातांनी सांगत होती. तिच्या बोटांवर सुरीच्या जुन्या खुणा होत्या. हे बोलता बोलता त्या बोटांवरून अंगठा फिरवत होते, ह्यांच्या स्वतःच्या बोटांवर आहेत तशाच खुणा.

दोन वाजले. मी म्हटलं, "अहो, निघायला हवं." हे म्हणाले, "हो, हो," आणि तिला विचारलं, "बरं, बटाटा कुठून उचलतात?"

अडीच वाजले. मग पावणेतीन. मिरचीच घाबरली. "बाबा, फाटक बंद करतील! पैसे परत मिळत नाहीत, माहितीय ना? सहा दिवसांची सहल आहे, वरती पोहायचा तलाव आहे, सगळं खाणंपिणं त्यातच आहे. जा ना!"

"बस गं," हे म्हणाले. "बटाट्याचं सांग."

मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि पाय पसरून बसले.

चार वाजता जहाजाने भोंगा दिला. आमची खोली, खिडकी नसलेली, नऊ महिने भाव लावून लावून मिळवलेली, आमच्या डोळ्यांदेखत रिकामी निघाली. मिरचीचं तोंड एवढंसं झालं. "बाबा, सगळं तिकीट फुकट गेलं. दीड तास जास्तीचा बसायला मिळावं माझ्याजवळ, तेवढ्यासाठी!"

ह्यांनी तिच्या टोपीवरचा पावाचा कण झटकला.

"स्वस्तात पडलं," म्हणाले.